९९ टक्क्यांच्या प्रोजेक्टला गुण देण्याआधी : प्रोजेक्ट गाइड आणि परीक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधील प्रोजेक्ट गाइड आणि एक्स्टर्नल परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. एका जिल्ह्याच्या गावी दिवसभर एमआरआय आणि सीटी वाचते. सबमिशनचे दिवस जवळ आले की कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून प्रोजेक्ट प्रदर्शनाचं बोलावणं येतं, 'मेडिकलवाली परीक्षक हवी' म्हणून. गेलं की एक टेबल हमखास असतं : 'डीप लर्निंगच्या साहाय्याने एमआरआयवरून ब्रेन ट्यूमरचे वर्गीकरण'. कधी दोन टेबलं असतात, कधी त्याहून जास्त. मॉडेलचं नाव बदलतं. यंदा रेझनेट, पुढच्या वर्षी एफिशियंटनेट, आता व्हिजन ट्रान्सफॉर्मर. बाकी सगळं तेच. स्ट्रीमलिटवर बनवलेलं वेबपान, चित्र टाकायचं बटण, खाली हिरव्या अक्षरांत 'मेनिंजिओमा, ९९.४ टक्के', म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल, उघडलं तर अचूकता ९८ च्या खाली नाहीच.

पोरं हुशार आहेत, रात्र रात्र जागून करतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विषय मंजूर करता तुम्ही, सिनॉप्सिसवर सही करता तुम्ही आणि शेवटी गुणही तुम्हीच देता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हा डेटा येतो कुठून, ते आधी बघू. यातल्या बहुतेक प्रोजेक्टांच्या मुळाशी एकच संच असतो. चीनमधल्या ग्वांगझूचं नानफांग हॉस्पिटल आणि तिआनजिन वैद्यकीय विद्यापीठाचं जनरल हॉस्पिटल या दोन ठिकाणी २००५ ते २०१० या काळात तो जमवला गेला. रुग्ण २३३, प्रतिमा ३०६४. त्यात ग्लायोमाच्या (मेंदूच्या आधार-पेशींतून वाढणारी गाठ) १४२६, पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींच्या ९३० आणि मेनिंजिओमाच्या ७०८. सगळ्या कॉन्ट्रास्ट (गाठ उजळवणारं इंजेक्शन) दिल्यानंतरच्या टी-वन प्रतिमा; टी-वन, टी-टू, फ्लेअर हे एमआरआय काढायचे वेगवेगळे प्रकार, म्हणजे सिक्वेन्स. फिगशेअर या डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, आणि ज्यांनी तो खुला केला त्यांनी काम चोख केलंय. प्रत्येक फाइलमध्ये रुग्णाचा क्रमांक आहे, गाठीची कड आखलेली आहे, आणि पडताळणीसाठी पाच भाग कसे पाडायचे याची यादीसुद्धा सोबत जोडलेली आहे.

विद्यार्थी मात्र तिथवर जात नाहीत. ते कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरून ७०२३ चित्रांचा संच उतरवून घेतात. तीन संच एकत्र करून तो बनवलाय. फिगशेअरचा हा संच त्यातला एक, आणि चौथा गट आहे 'गाठ नाही'. चित्रं जेपीजी केलेली; कुठलं चित्र कुठल्या रुग्णाचं, हे फाइलच्या नावावरून कळायला मार्ग नाही. बनवणाऱ्याने माहितीच्या पानावर स्वतःच लिहून ठेवलंय, की मूळच्या एका संचातली ग्लायोमाची वर्गवारी चुकीची वाटली, म्हणून ती चित्रं काढून फिगशेअरची घातली. प्रामाणिक माणूस. त्याची ही ओळ एकाही ब्लॅक बुकात माझ्या पाहण्यात आलेली नाही.

आता खरी मेख. २३३ रुग्णांच्या ३०६४ प्रतिमा म्हणजे रुग्णामागे सरासरी तेरा. त्या संचात स्लाइसची, म्हणजे एकेका प्रतिमेत दिसणाऱ्या मेंदूच्या कापाची, जाडी ६ मिलिमीटर आणि मधली फट १ मिलिमीटर. चार सेंटिमीटरची गाठ असेल तर ती एकाच दिशेच्या पाच-सहा स्लाइसमध्ये दिसणार, आणि शेजारशेजारच्या स्लाइस जवळपास सारख्याच असणार. विद्यार्थी सगळ्या स्लाइस एका ढिगात टाकतो आणि ट्रेन-टेस्ट-स्प्लिटची एक ओळ लिहून ८०:२० वाटणी करतो. झालं. त्या तेरांतल्या दहा शिकायला गेल्या, तीन परीक्षेला. कवटी तीच, गाठ तीच, मशीन तेच. सरावाला दिलेलं गणित आकडेही न बदलता पेपरात घालावं, तसला हा प्रकार. मॉडेलने ग्लायोमा ओळखला की ग्लायोमा झालेला माणूस ओळखला, हे सांगता येत नाही.

हा माझा मनाचा तर्क नाही. अल्झायमर आणि पार्किन्सनच्या एमआरआयवर हेच तपासून पाहिलेला एक अभ्यास २०२१ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. तीच मॉडेलं, तोच डेटा; एकदा वाटणी स्लाइसवार, एकदा रुग्णवार. स्लाइसवार वाटणीत अचूकता २९ ते ५५ टक्क्यांनी फुगली. मग त्यांनी आणखी एक गंमत केली. लेबलं चक्क अंदाधुंद वाटली, म्हणजे शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी स्लाइसवार वाटणीत मॉडेलला ९६ टक्के मिळाले. रुग्णवार वाटणीत ५०, जे मिळायला हवेत तेवढेच. तुमच्या विद्यार्थ्याचे ९९ टक्के या ९६ पेक्षा वेगळे कसे, हे तोंडी परीक्षेत विचारून बघा.

'गाठ नाही' या चौथ्या गटाचंही तसंच. त्यातली चित्रं वेगळ्या संचातून आलेली आहेत. स्रोत वेगळा म्हटलं की सिक्वेन्स, काळ्या कडांची रुंदी, चित्राचा आकार, उजळपणा, सगळंच वेगळं असू शकतं. सीटीमध्ये हाउन्सफिल्डचं माप तरी ठरलेलं असतं. एमआरआयच्या उजळपणाला असं कुठलंच ठरीव एकक नाही, मशीन बदललं की तो बदलतो. मग मॉडेल गाठ शोधतंय की चित्र कुठल्या फोल्डरातून आलं ते शोधतंय? कोविडच्या काळात छातीच्या एक्स-रे आणि सीटीवर हेच झालं होतं. त्या लाटेतल्या ६२ निवडक अभ्यासांमधल्या मॉडेलांचा आढावा २०२१ मध्ये 'नेचर मशीन इंटेलिजन्स'ने छापला. रुग्णालयात वापरावं असं त्यात एकही निघालं नाही.

आणि पिट्युटरीची गाठ? ती सेला टर्सिकात असते, कवटीच्या तळाशी अगदी मधोमध. ती ओळखायला जागा पुरते. पहिल्या वर्षाचा रेसिडेंटही ती एका आठवड्यात शिकतो.

एवढं सगळं दुरुस्त केलं, वाटणी रुग्णवार केली, तरी माझी मुख्य अडचण उरतेच. ग्लायोमा, मेनिंजिओमा की पिट्युटरी, हा प्रश्न आम्हाला क्वचितच पडतो. मेनिंजिओमा मेंदूच्या बाहेर, आवरणाला चिकटून वाढतो. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये पाण्याची बारीक रेघ दिसते, आवरणाला शेपूट फुटल्यासारखं दिसतं, कधी वरचं हाड जाड होतं. अपवाद असतात, पण रोजच्या कामात हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. आम्ही अडतो ते दुसरीकडेच.

'ग्लायोमा' हा मुळात एक आजार नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांमधल्या डिफ्यूज ग्लायोमाचे तीन प्रकार केलेत : आयडीएच जनुकात बदल असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा; आयडीएचमधल्या बदलासोबत १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा; आणि आयडीएच शाबूत असलेला ग्लायोब्लास्टोमा. तिघांचं आयुर्मान वेगळं, उपचार वेगळे. जिल्ह्याच्या ठिकाणी या जनुकीय चाचण्या बहुतेक वेळा होत नाहीत, गाठीच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक मुंबई-पुण्याला पाठवावे लागतात. शस्त्रक्रियेच्या आधी एमआरआयवरून थोडा जरी अंदाज बांधता आला, तर सर्जनला त्याचा खरा उपयोग होतो.

असा अंदाज कधी कधी निव्वळ डोळ्यांनी बांधता येतो. टी-टूवर गाठ एकसारखी पांढरी शुभ्र; तीच गाठ फ्लेअरवर काढली तर आतून काळपट आणि भोवती पांढरी कड. याला टी-टू-फ्लेअर मिसमॅच म्हणतात. २०१७ मध्ये तो पहिल्यांदा मांडला गेला. ही खूण काटेकोरपणे दिसली तर तो आयडीएच-बदलाचा अ‍ॅस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता फार मोठी. उलट, दिसली नाही म्हणून काहीच ठरत नाही, कारण बऱ्याच अ‍ॅस्ट्रोसायटोमांत ती नसतेच. हे बघायला दोन सिक्वेन्स शेजारी शेजारी लावावे लागतात. तुमच्या विद्यार्थ्याकडे एकच आहे, कॉन्ट्रास्टचा टी-वन, आणि त्यातलाही एक जेपीजी. मी एका पेशंटच्या शेकडो प्रतिमा वर-खाली सरकवत बघते. त्यात डिफ्यूजन (पाण्याची हालचाल) असतं, परफ्युजन (रक्तपुरवठा) असतं, शंका आलीच तर स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं).

आता आपल्या मातीतला प्रश्न. आमच्याकडे येणारा नेहमीचा पेशंट असा : तिशीतला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा फिट आलेली, घरचे हादरलेले. कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूत चकाकणारं एक कडं दिसतं, भोवती सूज. ही ग्लायोब्लास्टोमा असू शकते. दुसरीकडच्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ असू शकते. पू असू शकतो. पण आपल्याकडे ती टीबीची गाठ, ट्युबरक्युलोमा, असू शकते, किंवा टेपवर्मच्या अळीने झालेला न्युरोसिस्टिसर्कोसिस. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात या शेवटच्या दोघांसाठी साधे निकष मांडले, आजही आम्ही ते वापरतो. कडं २० मिलिमीटरहून लहान, कड गुळगुळीत, मेंदूची मधली रेषा जागच्या जागी : सिस्टिसर्कोसिसकडे झुका. त्याहून मोठं, कड वेडीवाकडी, मधली रेषा सरकलेली : ट्युबरक्युलोमाचा विचार करा. मग मी टी-टू बघते. ट्युबरक्युलोमाचा गाभा पुष्कळदा तिथे काळा दिसतो. डिफ्यूजन बघते, पुवाचा गाभा तिथे झगझगीत पांढरा होतो. परफ्युजन बघते, ग्लायोब्लास्टोमाच्या कडेला रक्तपुरवठा वाढलेला असतो. स्पेक्ट्रोस्कोपीत १.३ पीपीएमजवळ लिपिडचा सुळका एकटाच उभा असेल तर टीबीचं पारडं जड होतं. छातीचा एक्स-रे मागवते. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे विचारायला सांगते. कधी कधी सगळी गुत्थी त्या एका उत्तरानेच सुटते.

यातला फरक कशाचा आहे, हे लक्षात घ्या. ट्युबरक्युलोमाला महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड. बहुतेकांना कवटी उघडावी लागत नाही. ग्लायोब्लास्टोमाला शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो. लिंफोमाचा संशय असेल तर उलट स्टेरॉइडच आवरावं लागतं, कारण बायोप्सीआधी ते दिलं तर गाठ विरून जाते आणि निदान हातचं जातं.

एका प्रदर्शनात मी विद्यार्थ्याला ट्युबरक्युलोमाचं एक चित्र दिलं, नाव-गाव काढलेलं. त्याने ते टाकलं. उत्तर आलं ग्लायोमा, ९९ टक्क्यांच्या वर. मुलगा गोंधळला, आणि मग त्याने विचारलं, "मॅडम, मग ही कुठल्या क्लासची?" म्हटलं, तुझ्या चारांपैकी कुठल्याच नाही. दिवसभरात ऐकलेला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता. गाइड शेजारी उभे होते, पण वेळ कमी होता, आम्ही पुढच्या टेबलाकडे गेलो.

मॉडेलला 'माहीत नाही' म्हणताच येत नाही, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. मॉडेलच्या शेवटचं सॉफ्टमॅक्स हे सूत्र चार आकडे देतं आणि त्यांची बेरीज एक करतं, एवढंच. तुम्ही त्यात आंब्याचा फोटो टाकलात तरी तो चौघांपैकी कुणाच्या तरी पदरात पडणार. ते ९९ टक्के म्हणजे खात्री नव्हे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग पानावर 'कॉन्फिडन्स' असं लिहून रुग्णाच्या नातेवाइकाला समजेल अशा हिरव्या अक्षरांत ते का दाखवायचं?

आणखी एक हिशोब. कॅगलवरचे चारही गट साधारण सारख्या आकाराचे आहेत. ओपीडीत तसं नसतं. समजा, डोकेदुखीच्या हजार पेशंटांत पाच जणांना गाठ आहे, आणि मॉडेल दोन्ही बाजूंनी ९८ टक्के अचूक आहे. पाचही गाठी त्याने पकडल्या, असं धरू. उरलेल्या ९९५ पैकी २० धडधाकट लोकांनाही ते गाठ सांगणार. म्हणजे 'गाठ आहे' असं ऐकून घरी गेलेल्या २५ जणांतल्या २० जणांना काहीच नाही. हे गणित बारावीचं आहे, पण ब्लॅक बुकात नसतं.

तुम्ही म्हणाल, बीईच्या मुलांनी करायचं तरी काय? त्यांच्याकडे एक वर्ष, एक लॅपटॉप आणि फुकटचा जीपीयू. मान्य. नवीन शोध लावा असं कुणी म्हणत नाही. फिगशेअरचा मूळ संच घ्या, सोबत दिलेल्या यादीप्रमाणे रुग्णवार भाग पाडा आणि येईल तो आकडा लिहा. मग त्याच मॉडेलला दुसऱ्या रुग्णालयाचा, दुसऱ्या मशीनचा संच दाखवा, आणि अचूकता किती घसरली आणि का, यावर एक प्रकरण लिहा. माझ्या मते ते प्रकरण सबंध ब्लॅक बुकापेक्षा मोलाचं ठरेल. ब्रॅट्स या मेंदूतल्या गाठींवरच्या जागतिक स्पर्धेचा संच नोंदणी करून मिळतो. त्यात चार सिक्वेन्स असतात, कवटी काढलेली असते आणि तज्ज्ञांनी गाठीच्या कडा आखलेल्या असतात. २०१२ पासून ती स्पर्धा चालू आहे. २०२१ मध्ये तिच्यात एक वेगळं कोडं होतं : एमआरआयवरून एमजीएमटी या जनुकाची स्थिती सांगा, म्हणजे केमो किती लागू पडेल त्याचा अंदाज येईल. जगभरचे संघ उतरले. पहिल्या आलेल्याचा एयूसी (ओळख किती नेमकी ते सांगणारा आकडा, १ म्हणजे बिनचूक) ०.६२ च्या आसपास होता. नाणं उडवलं तरी ०.५ मिळतो. एमआरआयमधून काय काढता येतं आणि काय नाही, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि मी ते कुठल्याही कॉलेजात सेमिनारला ऐकलेलं नाही.

खरं सांगू का, वर्गीकरणाचा नाद सोडला तर आमच्या उपयोगाची कितीतरी कामं तुमच्या मुलांना जमण्यासारखी आहेत. लहान मेनिंजिओमाला पुष्कळदा हात लावत नाहीत, दर वर्षी एमआरआय करून नजर ठेवतात. मागच्या वर्षी २ सेंटिमीटर, यंदा अडीच. रिपोर्टमध्ये अर्ध्या सेंटिमीटरची वाढ दिसते; प्रत्यक्षात घनफळ जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. हातात स्केल धरल्यासारखे आम्ही अजून दोन व्यास मोजतो. दोन वर्षांचे स्कॅन एकावर एक बसवून घनफळ काढून देणारं, इंटरनेटशिवाय साध्या पीसीवर चालणारं काही बनवलंत, तर मी ते उद्यापासून वापरून बघीन. पेशंट हलल्यामुळे सिक्वेन्स बिघडलाय, हे पेशंट टेबलावर असतानाच तंत्रज्ञाला सांगणारं काही बनवा. परत बोलावण्याचा त्याचा एसटीचा खर्च वाचेल. यात 'कॅन्सर ओळखला' असा मथळा मिळत नाही, हे कबूल.

एक विनंती कडक शब्दांत करते. मुलांना पेनड्राइव्ह देऊन 'हॉस्पिटलमधून थोडे स्कॅन घेऊन या' असं पाठवू नका. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ, फाइलच्या आत नाव, वय, नोंदणी क्रमांक सगळं असतं. फिल्मवरून केलेल्या जेपीजीत ते चित्रावरच छापलेलं असतं. नाव पुसून भागत नाही. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ७० जणांना फोटोवरून बरोबर जुळवलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) वैद्यकीय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली आहेत. एथिक्स कमिटीचं पत्र, रुग्णाची संमती आणि रुग्णालयाबरोबर लेखी करार नसेल, तर तो प्रोजेक्ट तुमच्या टेबलावरच थांबला पाहिजे.

ट्युबरक्युलोमा आणि सिस्टिसर्कोसिसच्या डेटाचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तो एकट्यादुकट्या कॉलेजाला सुटणारा नाही. ब्रॅट्समध्ये २०२३ पासून सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांतल्या रुग्णांच्या स्कॅनचा वेगळा विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणि इंजिनिअरांनी मिळून तो उभा केला, कारण पाश्चात्त्य स्कॅनवर शिकलेली मॉडेलं त्यांच्या मशीनवर कशी चालतील याची खात्री नव्हती. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं तर गल्लोगल्ली आहेत. एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी पाच वर्षांचा करार केला, आणि दर वर्षीच्या बॅचने कडं असलेल्या गाठींचे काही स्कॅन रीतसर, पक्क्या निदानासकट नोंदवले, तर पाच वर्षांनी या पोरांच्या हातात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काहीतरी असेल. आधीच्या बॅचचं काम पुढच्या बॅचने पुढे न्यायचं, ही सवय आपल्या प्रोजेक्टांना नाही. लावता येईल.

तोवर यंदाच्या तोंडी परीक्षेपुरतं मागणं एवढंच. पहिला प्रश्न अचूकतेचा विचारू नका. "ट्रेन आणि टेस्टमध्ये एकच रुग्ण दोन्हीकडे आहे का?" हे विचारा. "माहीत नाही" असं उत्तर आलं तर ९९ टक्क्यांचे गुण कापा. रुग्णवार वाटणी करून कुणी ८१ टक्के घेऊन आलं, आणि कुठल्या गाठी चुकल्या ते चित्र दाखवून समजावून सांगितलं, तर त्याला पैकीच्या पैकी द्या आणि बाकीच्या गटांना त्याच्या टेबलावर पाठवा. गुणपत्रिकेत 'पडताळणीची पद्धत' असा रकाना नसेल तर अभ्यास मंडळाला लिहून तो घालून घ्या. मला परीक्षक म्हणून बोलावणार असाल तर प्रदर्शनाच्या दिवशी नको, ऑगस्टमध्ये, विषय ठरायच्या वेळी बोलवा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जिल्ह्याच्या ठिकाणची एक रेडिओलॉजिस्ट